नागलीची दोन दप्तरे

शहाद्याहून निघून म्हसावद आणि राणीपूर मागे टाकल्यावर तापीच्या खोऱ्यातील काळीभोर, ऊस-केळी-कपाशीने भरलेली सपाट जमीन एकाएकी संपते आणि सातपायरीच्या वळणांनी चढत जाणारा घाट प्रवाशाला समुद्रसपाटीपासून 1100 मीटरांहून उंच अशा तोरणमाळच्या पठारावर आणून सोडतो. येथे आलेल्याची दृष्टी साहजिकच यशवंत तलावाच्या पाण्यावर, गोरक्षनाथांच्या मंदिराच्या शिखरावर, नाहीतर सीताखाईच्या अंगावर येणाऱ्या दरीवर खिळते. परंतु या साऱ्यांच्या मधोमध उतारावर पसरलेल्या त्या दगडगोट्यांच्या, पातळ मातीच्या वावरांकडे, जेथे पावसाळ्यात नागली, भगर, मका आणि ज्वारी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात, सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती वावरे आहेत, आणि विशेषेकरून त्यांतील नागली.

खानदेशच्या राज्यकर्त्यांनी या डोंगराकडे जे पाहिले ते सदैव खालून, म्हणजे वसुलीच्या पायथ्यावरून पाहिले. थाळनेर आणि बऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान, 1601 मध्ये असीरगड घेऊन या सुभ्याला आपल्या पुत्राच्या नावावरून दानदेश असे नाव देणारा अकबर, त्यांच्यानंतरचे मराठे सरदार आणि अखेरीस 1818 मध्ये आलेले इंग्रज, या सर्वांच्या लेखी सुलतानपूर आणि नंदुरबार हे परगणे म्हणजे मुलूख होता आणि त्यांच्या उत्तरेला उभी असलेली पर्वतरांग म्हणजे त्या मुलखाची केवळ हद्द होती. पश्चिमेकडे काठीसारखी मेवासी ठाणी आपल्या परीने स्वतंत्र होती. भिल्लांना जरबेत ठेवण्यासाठी, किंवा सरकारी भाषेत बोलायचे तर त्यांना ‘स्थिर’ करण्यासाठी, 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. पण साखळी टाकून बिघ्याबिघ्याची पायमाशी करावी आणि प्रत मुक्रर करावी, असे या उतारांत सरकारला काय दिसणार होते? डांगांसारख्या शेजारच्या भिल्ल मुलखात आकारणी जमिनीच्या क्षेत्रावर न होता औतावर होई. ज्याच्याकडे जितकी औते, तितका त्याचा सारा. घाटाखाली कोकणात अशाच डोंगरउतारांना ‘वरकस’ हे नाव पडले होते आणि नागली-वरीच्या त्या जमिनीवरचा आकार भातखाचरांच्या मानाने अगदी कमी असे.

आकार कमी म्हणून जमीन हलकी, जमीन हलकी म्हणून तीवरचे धान्य हलके, आणि धान्य हलके म्हणून ते खाणाराही हलका, अशी ही तर्कमालिका कोणत्याही फर्मानात लिहिलेली नसली तरी महसुली दप्तराच्या प्रत्येक रकान्यात ती अध्याहृत आहे. ‘भरडधान्य’ हा शब्द आजही आपण निःशंकपणे वापरतो, त्यातही तिचाच वास येतो असे मला वाटते.

1878 च्या जंगल कायद्यानंतर डोंगरातील माणसाशी सरकारचा जो संबंध आला तो मामलेदाराच्या मार्फत कमी आणि जंगलखात्याच्या नाकेदाराच्या मार्फत अधिक आला. फिरत्या शेतीत झाडोरा तोडून जाळीत आणि राखेत बी टाकीत. सह्याद्रीच्या बाजूला फांद्या-पालापाचोळा भाजून रोपांसाठी राब करीत. जंगलखात्याला यात निव्वळ उधळपट्टी दिसली आणि ठाणे-कुलाब्यात रयतेचा रोष एवढा वाढला की 1885 मध्ये मुंबई सरकारला जंगलांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला. झाडे जळत होती हे खरेच. पण लाकडाच्या राखेचा मोठा हिस्सा चुनखडीच्या जातीचा, म्हणजे कॅल्शियमचा असतो, आणि मुसळधार पावसाने धुऊन निघणाऱ्या माथ्याच्या मातीला तो आयताच मिळतो, ही गोष्ट त्या वादात कोणाच्या खिजगणतीत नव्हती. खाली तापीकाठच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे पायाला टोचतात. वर मात्र तीच द्रव्ये पावसाबरोबर वाहून जातात आणि शेतकऱ्याला ती राखेच्या रूपाने परत आणावी लागतात.

संवत 1956 चा, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा दुष्काळ गुजरात-खानदेशात ‘छप्पन्या’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. अशा वर्षांत नागलीची खरी किंमत कळत असे, कारण तिचा दाणा इतका बारीक आणि टणक असतो की त्याला किडीचा उपद्रव फारसा होत नाही. नीट वाळवून कणगीत भरला, वर शेणमातीने लिंपून घेतले, की तो वर्षानुवर्षे टिकतो. गहू-ज्वारीची कोठारे सावकाराच्या वाड्यात असत. नागलीचे कोठार खुद्द झोपडीच्या कोपऱ्यात असे. ही एकच गोष्ट तिच्या सांभाळाला पुरेशी होती, आणि तिच्याभोवती आचारांचे कुंपणही होते. नवे धान्य देवाला दाखविल्याखेरीज तोंडात घालायचे नाही, हा नवाईचा नेम भिल्ल-पावऱ्यांत कसोशीने पाळला जाई. महाशिवरात्रीला नाथपंथी आणि इतर यात्रेकरू तोरणमाळच्या गोरक्षनाथाकडे चढतात, त्याच सुमारास सातपुड्याच्या पश्चिम टोकाला देवमोगऱ्याच्या याहा मोगीकडे आदिवासी कुटुंबे बांबूच्या टोपलीत धान्य घेऊन जातात. एकाच तिथीला एका डोंगरावर जोग्याची जत्रा आणि दुसऱ्यावर धान्यदेवीची, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आता दुसऱ्या दप्तराकडे वळू. ते कोणत्याही कचेरीत नाही. वनस्पतीच्या पेशीत आहे, आणि ते वाचता येऊ लागल्याला पुरते शतकही झालेले नाही. नागलीच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच तांदळात ते 10 मिलिग्रॅमच्या आसपास भरते, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. परंतु वनस्पतीला कॅल्शियम कशासाठी लागते, हा प्रश्न विचारला तर भिंती बळकट करण्यासाठी, एवढेच उत्तर बहुतेकांकडून येईल. ते अर्धेच आहे.

जिवंत पेशीच्या आतील द्रवात मुक्त कॅल्शियम जवळजवळ नसतेच. बाहेरच्या भिंतीत आणि आतल्या रिक्तिकेत ते दहा हजार पट अधिक असते. पेशी त्याला अहोरात्र उपसून बाहेर टाकीत असते, कारण फॉस्फेटशी गाठ पडली की त्याचा साका होतो आणि ज्या फॉस्फेटवर पेशीचा सारा व्यवहार चालतो तेच अडकून पडते. परंतु जे द्रव्य सदैव हद्दीबाहेर ठेवावे लागते, तेच निरोप पोचविण्यास सर्वांत उपयोगी पडते. कारण शांत दरबारात एखादा जासूद धावत आला तर तो तत्काळ नजरेत भरतो, गजबजलेल्या बाजारात तो कोणाला दिसणार? मुळांभोवतीची ओल तुटली, पहाटे पारा अचानक घसरला, जमिनीत क्षार वाढले किंवा अळीने पान कुरतडले, की पेशीच्या आवरणातील दारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत लोटते आणि पुन्हा उपसले जाते. या भरती-ओहोटीची उंची, गती आणि आवर्तने प्रत्येक संकटानुसार वेगळी असतात.

मात्र जासूद नुसता येऊन उपयोग नाही. त्याचा निरोप वाचणारा पाहिजे. 1970 मध्ये अमेरिकेत चेउंग आणि जपानात काकिउची या दोघांनी प्राण्यांच्या मेंदूतून स्वतंत्रपणे जे प्रथिन हुडकून काढले, त्याला पुढे कॅल्मोड्युलिन हे नाव मिळाले; 1978 मध्ये अँडरसन आणि कॉर्मियर यांनी त्याच जातीचे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे दाखविले. या प्रथिनाला चार खोबणी असतात. त्यांत कॅल्शियम बसले की त्याचा आकार पालटतो आणि त्या पालटलेल्या आकारानिशी ते इतर प्रथिनांना हात लावून जागे करते. वनस्पतींनी यापुढेही मजल मारली आहे. त्यांच्यापाशी वाचणारा आणि हुकूम बजावणारा एकाच अंगात असलेली, कॅल्शियमवर चालणारी कायनेज प्रथिने आहेत. शिवाय निरोप वाचून तो दुसऱ्या अंमलदाराच्या हाती सोपविणारी सी.बी.एल. ही प्रथिनांची एक निराळी कारकुनी आहे, जिच्याच गोत्रातल्या एका प्रथिनावाचून रोपाला क्षार सोसत नाहीत, असे 1998 मध्ये लिऊ आणि झू यांनी सिद्ध केले.

या इतिहासातील दोन प्रयोग मला विशेष प्रिय आहेत. 1990 मध्ये ब्राम आणि डेव्हिस यांना असे आढळले की रोपांवर पाऊस पडला, वारा लागला किंवा नुसता हात फिरविला, तरी कॅल्मोड्युलिनची आणि त्याच्या भाऊबंदांची जनुके काही मिनिटांतच खडबडून जागी होतात. पुढच्याच वर्षी एडिंबरोमध्ये नाइट, ट्रेवावास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशमधील एक्वोरिन हे प्रकाशमान प्रथिन तंबाखूच्या रोपांत घातले आणि त्या रोपांना स्पर्श करताच, थंडीचा झटका देताच, ती क्षणभर उजळतात हे दाखविले. जगदीशचंद्र बसूंनी आपल्या नाजूक यंत्रांनी वनस्पतीच्या संवेदनेचे जे आलेख काढले, त्यांची वैज्ञानिक जगाने एकेकाळी बरीच थट्टा केली होती. तो प्रकाश पाहायला ते असायला हवे होते. तोरणमाळच्या आणि पलीकडच्या डाबच्या पठारावर थंडीच्या कडाक्यात गवतावरचे दव गोठते, तेव्हा त्या पात्यांतही कॅल्शियमची हीच उसळी, कोणाच्याही डोळ्यांना न दिसता, होत असली पाहिजे.

येथे एका गैरसमजाला अटकाव केला पाहिजे. भरडधान्याच्या वर्षाची, म्हणजे 2023 ची, जाहिरातबाजी सुरू झाल्यापासून ‘नागलीत कॅल्शियम भरपूर, म्हणून ती अवर्षणात तगते’ असे वाक्य सर्रास ऐकू येते. महसुली दप्तराने सारा आणि मोल यांची गल्लत केली. ही दुसरी गल्लत तितकीच सोयीची आहे. दाण्याच्या टरफलाजवळच्या थरांत साठलेले कॅल्शियम ही ठेव आहे. पेशीत क्षणमात्र उसळणारे कॅल्शियम हा निरोप आहे. तिजोरी आणि टपाल या दोन वस्तू एकच नव्हेत. त्यांना जोडणारी गोष्ट आहे ती म्हणजे ने-आण करणारी यंत्रणा: कॅल्शियम उपसणारे पंप, रिक्तिकेत ते भरणारी प्रथिने आणि त्या सर्वांवर हुकमत चालविणारी कॅल्मोड्युलिनच्या गोत्रातील प्रथिने. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात अधिक आणि कमी कॅल्शियम साठविणाऱ्या नागलीच्या दोन वाणांची तुलना झाली, ती नेमकी या जनुकांबाबत, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अधिक साठविणाऱ्या वाणात ही ने-आण करणारी जनुके अधिक जोमाने कामाला लागलेली दिसली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून नागलीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा आला, तो 2017 मध्ये.

पठारावरच्या शेतकऱ्याने मात्र एकाच धान्याच्या काटकपणावर कधी विसंबून राहण्याचे धाडस केले नाही. नागली पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांतून आलेली, मका अमेरिकेतून आलेला, ज्वारीही आफ्रिकेचीच. या तिन्ही परदेशी पाहुण्यांना त्याने एकाच उतारावर वसविले, त्यांत भगर-तूर मिसळली आणि पाऊस लवकर तुटला तर एक, लांबला तर दुसरे, असा हिशेब ठेवला. मक्याने हळूहळू नागलीची जागा घेतली, रेशनच्या गव्हा-तांदळाने तिची गरजही कमी केली, आणि एकेकाळी डोंगराच्या प्रत्येक पाड्यावर असणारे बियाणे काही मोजक्या घरांत उरले. याच डोंगरातील अक्राणी तालुक्यात बाएफ या संस्थेने गावकऱ्यांबरोबर बियाण्यांचे जतन सुरू केले ते अशा परिस्थितीत. ज्वारी-मक्याचे कितीतरी स्थानिक वाण तेथे मडक्यांत, टोपल्यांत, नाव सांगून ठेवलेले आहेत.

नागलीच्या बियाण्याची निवड बायकांच्या हातची. कापणीपूर्वी वावरात फिरून, ज्याची बोटे आतल्या बाजूला घट्ट मिटलेली आहेत, जे उतारावर खडकाजवळ उभे राहूनही भरले आहे, असे कणीस त्या वेगळे काढतात, त्याची जुडी चुलीच्या वरच्या आढ्याला बांधतात, आणि ती धुराने काळी पडत पुढच्या मृगाची वाट पाहते.