बाडांची अखंडता : लोहा परिसराच्या निमित्ताने एक टिपण

मराठी हस्तलिखितांचे पोथी व बाड असे दोन स्थूल भेद केले जातात. पोथी सुट्या पत्रांची असून बहुधा एकाच ग्रंथाची असते. बाड शिवलेले असते, आणि त्यात एकच ग्रंथ असावा असा नियम नाही. अभंग, पदे, आरत्या, लावण्या, औषधांचे पाठ, देण्याघेण्याची टिपणे अशी नानाविध सामग्री एकाच शिवणीत येते. जे रुचले ते उतरून घ्यावे व मागणाऱ्यास उतरू द्यावे, हा या संग्रहप्रकाराचा धर्म होय. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात जुन्या कवितेच्या मुद्रणास आरंभ झाला. 1854 साली परशुरामतात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ प्रसिद्ध झाले. 1878 पासून ‘काव्येतिहास-संग्रह’ निघू लागला. या उद्योगाचे ऋण मोठे आहे. तथापि संपादकांची दृष्टी कवीवर व त्याच्या शुद्ध पाठावर होती. बाडातून एकेका कवीची रचना वेचून घेतली गेली आणि शेजारची सामग्री मागे राहिली. कवी हाती आला. वाचक मात्र निसटला. एखाद्या अभंगानंतर त्याच हाताने कोणती लावणी लिहिली, हे कळले तरच त्या काळच्या रसिकाची अभिरुची कळते.

लोहा परिसरात ही हानी विशेष जाणवते. पूर्वी कंधार तालुक्यात असलेले हे गाव नांदेड-लातूर मार्गावर आहे. तेलुगू व कन्नड मुलूख येथून दूर नाहीत, आणि दखनी तर घराशेजारचीच. याच तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा पाहावी. जनावरांच्या बाजाराशेजारीच वाघ्यामुरळीचे गाणे व लावणी यांस स्थान मिळते. भक्ती आणि रंजन यांच्यात तेथे भिंत नाही. बाडातही ती नसते. पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवादा’त मराठी व दखनी एकत्र नांदविल्या, त्या प्रवृत्तीचाच हा लौकिक विस्तार म्हणता येईल. शिवाय निजामी राजवटीत उर्दू ही कारभाराची भाषा होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तीच. अशा स्थितीत मराठी कवितेस घरच्या वहीचा व कंठाचा आधार अधिक काळ लागला असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही.

संग्रह अखंड राखल्याने काय साधते, याचे उदाहरण नांदेडातच आहे. 1604 साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे असून ग्रंथाची मुख्य मांडणी रागांनुसार आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे याच ग्रंथास गुरुपद दिले. ग्रंथ जसाच्या तसा जपला गेल्यामुळे नामदेवांचे पद कोणत्या रागात व कोणाच्या सहवासात ठेवले होते, हे आजही सांगता येते. बाडाची योग्यता अर्थातच निराळी. परंतु क्रम हाही पुरावाच असतो, हे तत्त्व दोहोंस सारखेच लागू आहे.

बाडावरील विश्वासास मर्यादाही आहे. मुखोद्गत परंपरेत कर्त्याचे नाव सहज बदलते. 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद तुकोबांचेच अशी अनेकांची समजूत झाली. मुद्रण व ध्वनिमुद्रण यांच्या काळात हे घडले, तर अठराव्या शतकातील वहीवरील नाममुद्रा निःशंकपणे कशी स्वीकारावी? मात्र कर्तृत्वाविषयी चुकणारे बाडच लोकमान्यतेविषयी बहुधा खरे बोलते. कोणते पद तुकोबांच्या नावास शोभेल असे लोकांस वाटले, हे ते दाखवून देते.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरासाठी शंकर श्रीकृष्ण देव यांनी केलेला संग्रह या कामी मार्गदर्शक आहे. आपल्या भागात बाड हाती आले, तर त्यातील कविता तेवढ्या उतरून घेऊन थांबू नये. हिशेब, खाडाखोड, कोरी पाने व बदललेली हस्ताक्षरे यांसह पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने छायाचित्रे घ्यावीत; शिवण उसवू नये. घरोघरच्या माळ्यावरील या वह्या दरवर्षी वाळवीच्या व रद्दीच्या वाटेने जात आहेत. कवीची एखादी ओळ अन्य प्रतीत पुन्हा सापडू शकते. उसवलेल्या बाडाचा क्रम पुन्हा सापडत नाही.