पदवी आणि अधिकार : नगराच्या वैद्याची घडण

घरात माणूस आजारी पडला तर कोणत्या वैद्याला बोलवावे, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. परंतु अवघे गावच आजारी पडले, पाणी नासले, गटारे तुंबली आणि घरोघर ताप शिरला, तर त्या गावाची नाडी कोणी पाहावी? त्यासाठी वेगळे शिक्षण, वेगळी परीक्षा आणि कायद्याने मानलेली पदविका हवी, ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची आहे. ती कशी उदयास आली, हे पाहण्यासाठी आपणांस प्रथम इंग्लंडात जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिव्हरपूल बंदर संपन्न होते, पण तेथील हजारो मजूर जमिनीखालच्या दमट तळघरांत राहत होते. 1846 साली त्या शहरासाठी खास कायदा झाला व 1 जानेवारी 1847 रोजी डॉ. विल्यम हेन्री डंकन यांची आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली. इंग्लंडातील अशी ही पहिलीच नेमणूक. त्याच वर्षी आयर्लंडातील दुष्काळाने पोळलेले लोक लाखांनी त्या बंदरात उतरले आणि टायफस ज्वराने थैमान घातले. प्रारंभी डंकन यांना वर्षाला 300 पौंड मिळत व खासगी व्यवसायाची मुभा असे. म्हणजे ज्या घरमालकाची फी घ्यावयाची, त्याच्याच तळघराविरुद्ध अहवाल लिहिण्याचा प्रसंग यावयाचा! 1848 साली वेतन 750 पौंड झाले, पण खासगी व्यवसाय सोडावा लागला. आरोग्याधिकारी कोणाचा मिंधा असू नये, हा पहिला धडा येथे मिळाला.

1872 च्या कायद्याने असा अधिकारी नेमणे गावोगाव सक्तीचे झाले. पण नेमावयाचे कोणाला? रोग्याला औषध देणे निराळे आणि पाण्याची परीक्षा, सांडपाण्याचा निचरा, जन्ममृत्यूंचे आकडे व आरोग्याचे कायदे जाणणे निराळे. ही उणीव विद्यापीठांनी ओळखली होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाने 1871 साली या विषयाची पदविका सुरू केली, 1875 साली केंब्रिजने परीक्षा घेतली, आणि 1886 च्या कायद्याने ही पदविका डॉक्टरांच्या अधिकृत नोंदवहीत चढू लागली.

तरीही पदविका घ्यावी कोणी, आणि कशासाठी? तिच्यावाचून नोकरी अडत नव्हती. खरे वळण आले ते 1888 च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने. 50,000 वा त्याहून अधिक वस्तीच्या भागात 1892 पासून नवा आरोग्याधिकारी नेमावयाचा, तर तो पदविकाधारक असावा असे त्याने ठरविले. आधीपासून काम करणाऱ्या अनुभवी लोकांना तेवढी सूट ठेवली. ज्ञानाला पदाची जोड मिळाली आणि परीक्षेला वजन आले.

परंतु अर्धे काम राहिलेच. पदविका भिंतीवर टांगलेली, आणि नोकरी मात्र नगरसभेच्या मर्जीवर! घाणेरडी चाळ सभासदाचीच असली तर अधिकाऱ्याने काय करावे? 1921 च्या कायद्याने, वरच्या मंत्र्याच्या संमतीवाचून त्याला काढता येणार नाही, अशी हमी दिली. लिव्हरपूलच्या पहिल्या नेमणुकीनंतर याला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्याने 1916 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विद्येची स्वतंत्र शाळा स्थापन झाली व 1918 साली तेथे अध्यापन सुरू झाले. ही विद्या वैद्यकाची उपशाखा न राहता स्वतंत्र झाली. त्याच देशात 2008 पासून सार्वजनिक आरोग्याच्या पदवीधरांसाठी प्रमाणपत्राची वेगळी परीक्षाही घेतली जाऊ लागली.

आपल्याकडे हा प्रश्न प्लेगने उभा केला. 1896 साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. 1897 साली पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्षपद आले ते रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे, आणि घरांची झडती घेण्यास आले सोल्जर. पुढे जे घडले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. पिसवांमार्फत रोग पसरतो हे तेव्हा सिद्धही झाले नव्हते. तेव्हा केवळ पदविकेने सर्व साधले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण लोकांचा विश्वास संपादल्यावाचून नगराचे आरोग्य राखता येत नाही, एवढे त्यातून दिसले.

1932 साली कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्था निघाली, 1939 साली मद्रास प्रांताने सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला, आणि 1946 साली भोर समितीने प्रत्येक डॉक्टराच्या शिक्षणात रोगप्रतिबंधाला स्थान मागितले. तमिळनाडूत या कामासाठी स्वतंत्र खाते व त्याचे खास शिक्षण घेतलेले अधिकारी आजही आहेत. 1997 पासून त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले, आणि अशी विद्यालये पुढे वाढत गेली.

पदवीधर वाढले, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु पदवीला पद हवे आणि पदाला संरक्षण हवे, हा या इतिहासाचा निर्वाळा आहे. म्हणून आपल्या नगरपालिकेला आपण तीन प्रश्न विचारावेत : आमचा आरोग्याधिकारी कोण? तो या विषयात काय शिकला आहे? आणि नळाचे पाणी दूषित आहे, असे त्याने खरे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी तो त्याच खुर्चीवर असेल काय?