माळ, थर आणि २१ दिवस : मुलांच्या हट्टी घसादुखीचा इतिहास



भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतले श्रोते आज समोर आहेत, घरून ऐकणारेही आहेत. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या तोंडात जुनंच नाव बसलंय, तेव्हा तेच चालवून घ्या. विषय वैद्यकाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, म्हणून आधीच सांगून ठेवतो की आम्ही इथं औषध लिहून देणार नाही. आम्हाला रस आहे तो एका कोड्यात.

कोडं असं. मुलांचा घसा धरणारा, ताप आणणारा एक जीवाणू आहे, स्ट्रेप्टोकोकस. त्याच्या ‘ए’ गटावर पेनिसिलिन चालतं. गेली ऐंशी वर्षं चालतंय, आणि पेनिसिलिनला दाद देत नाही असा ए गटाचा स्ट्रेप्टोकोकस आजवर रुग्णांत सापडलेला नाही. देशातला पहिला पेनिसिलिनचा कारखाना १९५४ साली पिंपरीला उभा राहिला, म्हणजे इथून शंभर किलोमीटरच्या आत. औषध जवळ आहे, स्वस्त आहे, जंतू त्यानं मरतो. मग काही मुलांच्या घशातून तो पुन्हा पुन्हा का उठतो? आणि त्याच्यापायी हृदयाच्या झडपा बिघडलेली मुलं आपल्या देशात अजून का दिसतात?

आधी झडपेचं समजून घेऊ. घसा दुखतो, आई हळदीचं दूध देते, मिठाच्या गुळण्या होतात, चार दिवसांत मूल खेळायला लागतं. बहुतेकांचं इथंच संपतं. पण पाच ते पंधरा वर्षांच्या काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, आणि आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे सुजत जातात. हा संधिवाताचा ताप. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता आपल्याच हृदयावर वार करते. सांधे पूर्ववत होतात, झडप मात्र जायबंदी राहू शकते. घसादुखी विसरली जाते आणि काही वर्षांनी पोरीला डोंगर चढताना दम लागतो, किंवा पहिल्या बाळंतपणात जीव धोक्यात येतो.

आता इतिहास. १८७४ साली व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक बिलरोट यांनी या जंतूला नाव दिलं. ग्रीक शब्दांचा अर्थ पिळलेली साखळी आणि दाणा. आपण मण्यांची माळ म्हणू. १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत बाळंतज्वरावर चर्चा चालू असताना लुई पाश्चर उठले आणि त्यांनी फळ्यावर ही माळ काढून दाखवली. हजारो बाळंतिणींना मारणारा गुन्हेगार हा, असं ते म्हणत होते. त्याच सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख जंतू वेगळा काढून, त्याची शुद्ध पैदास करून त्याचा दोष सिद्ध करण्याची रीत घालून देत होते. एक रोग, एक जंतू. ही कल्पना फार मोलाची ठरली, तिनं कोट्यवधी जीव वाचवले. फक्त तिच्यात एक गृहीत दडलं होतं : जंतू हा एकटा, सुटा, पाण्यात तरंगणारा प्राणी आहे. हे गृहीत लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध यायला आणखी पन्नास वर्षं लागली. १९३५ साली जर्मन संशोधक गेरहार्ड डोमाक यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सुई घुसली आणि स्ट्रेप्टोकोकसनं हात इतका सडायला लागला की तो कापायची वेळ आली. बापानं स्वतःच शोधलेलं प्रोन्टोसिल दिलं, हात वाचला. सल्फा औषधांचं युग तिथून सुरू झालं. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन दिसलं ते १९२८ मध्ये. ते औषध म्हणून हाती आलं ऑक्सफर्डमध्ये, १९४० च्या पुढे. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोकोकसच्या तापानं मरणपंथाला लागलेली एक तरुण स्त्री त्यानं वाचली. औषध इतकं दुर्मीळ, की तिच्या लघवीतून ते पुन्हा काढून घेतलं गेलं!

मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट १९५० च्या सुमाराला अमेरिकेत वायोमिंगच्या एका लष्करी तळावर घडली. घसा धरलेल्या जवानांना वेळेवर पेनिसिलिन दिलं तर पुढचा संधिवाताचा ताप टळतो, हे तिथं सिद्ध झालं. त्याच काळात बेंझाथिन पेनिसिलिन आलं, एकदा टोचलं की काही आठवडे अंगात हळूहळू उतरत राहणारं. ज्या मुलाला हा ताप एकदा येऊन गेला त्याला दर २१ दिवसांनी ते टोचत राहिलं तर दुसरा झटका टळतो, झडप आणखी बिघडत नाही.

इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली. आडनावावरून आपल्या भोरचे समजू नका, जन्म नाशिकचा. १९४६ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि सुरुवातीला निदान चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं. १९४८ च्या मार्चमध्ये पंतसचिवांचं भोर संस्थान विलीन झालं. त्याच वर्षी १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. सहा वर्षांनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. दवाखान्याची कल्पना, रस्ता आणि औषध, तिन्ही दहा वर्षांच्या आत. त्या पिढीला वाटलं असेल की आता हा रोग गेलाच.

तो गेला नाही. का, हे बघायला घरच्या मोरीत जाऊ. पाण्याचा रांजण आठ दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत होतो. पाणी ओतलं, हिसळलं, तरी बुळबुळ जात नाही. काथ्या घेऊन घासावं लागतं. पावसाळ्यात ओढ्यातल्या दगडांवरून घसरलेल्या कुणालाही हा थर ठाऊक आहे. त्यात शेवाळ असतं, तसे जीवाणूही असतात. कोट्यवधी जीवाणू स्वतःच एक चिकट पदार्थ सोडतात, त्यात एकत्र राहतात, एकमेकांना रासायनिक निरोप देतात. याला बायोफिल्म म्हणतात, आपण जंतूंचा थर म्हणू.

गंमत अशी की माणसानं जंतूंचा हा थर फार पूर्वीच पाहिला होता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक यानं १६८३-८४ च्या पत्रांत आपल्या दातांवरच्या किटणातले हलणारे जीव वर्णिले. त्यानं हेही नोंदवलं की व्हिनेगरनं चूळ भरली तर वरवरचे जीव मरतात, किटणाच्या आतले मरत नाहीत. तीनशे वर्षांपूर्वी एका दुकानदाराला कळलेली गोष्ट! पुढं शुद्ध पैदाशीच्या नादात ती बाजूला पडली, कारण प्रयोगशाळेतल्या नळीत जंतू सुटे पोहत असतात. १९७८ च्या सुमारास कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी ठासून मांडलं की निसर्गात जंतू बहुतेक वेळा चिकटून, वस्ती करून राहतात. कॉखच्या रीतीतलं ते गृहीत इथं उघडं पडलं.

थरात औषध का लागू पडत नाही? पेनिसिलिन जंतूला मारतं ते तो वाढताना, स्वतःची भिंत बांधत असताना. थराच्या तळाशी अन्न कमी, म्हणून तिथले जंतू सुस्त. बांधकामच बंद, तर गवंड्याला पकडणार कसं? उपचार थांबला की तेच पुन्हा कामाला लागतात. हे जंतू औषधाला निर्ढावलेले नाहीत हं. बाहेर काढून नळीत टाकले तर त्याच पेनिसिलिननं मरतात. ते आडोशाला बसलेले आहेत. निर्ढावणं आणि आडोसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज आम्हाला सांगायचंय ते मुख्यतः हेच.

मुलांच्या काढलेल्या टॉन्सिल्समध्ये, त्यांच्या खोलगट भेगांत, स्ट्रेप्टोकोकसच्या अशा वस्त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या आहेत. घशाच्या बाबतीत हे एकमेव कारण मात्र नाही. कधी शेजारचे दुसरे जीवाणू पेनिसिलिन मोडून टाकतात. कधी मूल नुसतं वाहक असतं, दुखणं विषाणूचं आणि नाव स्ट्रेप्टोकोकसचं. आणि पुष्कळदा कारण साधं असतं : दहा दिवसांचा डोस तिसऱ्या दिवशी थांबलेला असतो.

थराचं राज्य सगळ्यात स्पष्ट दिसतं ते झडपेवर. संधिवाताच्या तापानं खडबडीत झालेल्या झडपेवर स्ट्रेप्टोकोकसचेच भाऊबंद, तोंडात राहणारे, रक्तातून येऊन चिकटतात आणि थर धरतात. मग तेच पेनिसिलिन शिरेतून बहुधा चार आठवडे द्यावं लागतं. लेव्हेनहुकच्या दातांपासून पोराच्या हृदयापर्यंत वाट अशी सरळ जाते. म्हणून झडप बिघडलेल्या मुलाचे दात घासणं हासुद्धा हृदयाचाच उपचार आहे.

पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, खरजेवर खाजवून झालेल्या जखमा पिकतात, त्यातही बऱ्याचदा हाच जंतू असतो. काही मुलांचा चेहरा त्यानंतर सुजतो, लघवी चहाच्या रंगाची होते. ते मूत्रपिंडाचं लक्षण. गावात याला ‘उष्णता’ म्हणून सोडून देतात. सोडू नका.

आता आपल्या कोड्याकडे. जंतू हट्टी दिसला की आपण काय मागतो? “डॉक्टर, जरा भारी गोळी द्या.” पण भारी म्हणून मिळणाऱ्या अझिथ्रोमायसिनच्या कुळाला हा जंतू ठिकठिकाणी खरोखर निर्ढावला आहे. म्हणजे ज्या औषधाला तो ऐंशी वर्षं शरण आहे ते साधं म्हणून बाजूला, आणि ज्याला हसतो ते भारी म्हणून हातात. शत्रू बलवान झाला असं आपण समजतो, तो फक्त लपलेला असतो. लपलेल्याला काढायला लागतो तो काळ. पूर्ण दहा दिवस, किंवा एक बेंझाथिनचं इंजेक्शन.

आणि ज्याला ताप येऊन गेला, त्याला दर २१ दिवसांनी. हिशेब करा. वर्षाला सतरा इंजेक्शनं. दहाव्या वर्षी सुरू केलं आणि पंचविशीपर्यंत चालवलं तर अडीचशेच्या वर. दुखणारं इंजेक्शन. हिर्डोशी खोऱ्यातल्या किंवा केळदच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून, आषाढात, आईचा रोज बुडवून, एसटी पकडून. मूल तर खेळताना धडधाकट दिसतंय. बावीसावा, पंचविसावा, तिसावा दिवस उजाडतो, औषधाची पातळी उतरते, आणि जंतूला दार उघडतं. इथं सूक्ष्मदर्शक उपयोगी नाही. इथं लागतं आरोग्य केंद्रात भरलेलं औषध, तारीख लिहिलेलं कार्ड, आणि ती तारीख चुकली तर घरी येऊन विचारणारी आशाताई.

भरलेलं औषध म्हटलं, त्यालाही इतिहास आहे. १९९० नंतर स्वस्त आयात मालापुढं पेनिसिलिनची देशी कारखानदारी खचली, पिंपरीचा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. २०२० मध्ये सरकारला पेनिसिलिन-जी पुन्हा देशात बनावं म्हणून प्रोत्साहन योजना आणावी लागली. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेनं संधिवाताच्या तापावर ठराव केला. ठराव चांगला आहे. त्याची परीक्षा जिनिव्हात होणार नाही, वाडीतल्या त्या मुलाच्या बाविसाव्या दिवशी होईल.

आम्ही आयुष्यभर वर्गात ‘कारण म्हणजे काय’ हा प्रश्न शिकवला. पाश्चरनं फळ्यावर माळ काढून एक खरं उत्तर दिलं. लेव्हेनहुकच्या किटणानं त्यात थर घातला. आणि या डोंगरांनी त्यात एसटीची वेळ, पाऊस आणि रोजगार घातला. यातलं एकही उत्तर खोटं नाही, पण पहिल्यावर थांबलं की मूल हातचं जातं.

तेव्हा घरी जाताना एवढं लक्षात ठेवू. ताप आहे, घसा लाल आहे, गळ्यात गाठी आहेत आणि सर्दी-खोकला नाही, असं मूल दिसलं तर औषधाच्या दुकानात न जाता डॉक्टरांना दाखवायचं. दिलेला डोस शेवटच्या गोळीपर्यंत द्यायचा. सांधे सुजले तर घसादुखी कधी झाली होती ते आठवून सांगायचं. आणि शेजारच्या मुलाचं २१ दिवसांचं कार्ड असेल, तर त्याची तारीख आपल्याही कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

आता प्रश्न विचारा.