‘ओरडली का नाहीस?’

बचत गटाच्या बैठकीत कधीतरी दबक्या आवाजात एखादीची गोष्ट निघते. ऐकता ऐकता कोणीतरी विचारतंच, “मग ती ओरडली का नाही?” विचारणारी वाईट नसते. पण हा प्रश्न साधा नाही. एकेकाळी आपल्या महाराष्ट्रातल्या एका मुलीचा खटला याच प्रश्नावर हरला होता. आज तिची गोष्ट सांगतो.

ती गरीब आदिवासी मुलगी. आईबाप नव्हते, भावाजवळ राहायची, मजुरी करायची. वय १४ ते १६ असावं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. गाव देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. २६ मार्च १९७२ ला, भावानं दिलेल्या एका तक्रारीवरून, तिला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, रात्र झाली. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवलं. तिची माणसं बाहेर वाट बघत उभी होती. आत पोलिसांनी अत्याचार केला, असं तिनं बाहेर आल्यावर सांगितलं.

१ जून १९७४ ला सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. मुलीची संमती होती, असं म्हटलं. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं म्हणजे राजी असणं नव्हे, असं सांगून दोघांना शिक्षा दिली. पण १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमेची खूण नाही, झटापट केल्याचं दिसत नाही, म्हणून जबरदस्ती झाली असं मानता येत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण.

आता जरा विचार करू. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीतला माणूस आणि ही पोरकी पोर. तिनं कोणाला हाक मारायची? पोलिसांनाच?

यात मनाचा भाग मोठा आहे. रानात अचानक साप समोर आला तर कोणी पळतं, कोणी काठी उचलतं, तर कोणी जागीच खिळून राहतं. हात हलत नाही, तोंडून शब्द फुटत नाही. ते आपण ठरवून करत नाही, शरीरच तसं करतं. २०१७ साली स्वीडनमध्ये अत्याचारानंतर दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यातल्या जवळजवळ ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर असं गोठल्याचं सांगितलं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात तर १९७४ सालीच, म्हणजे आपल्याकडे सत्र न्यायालयाचा निकाल आला त्याच वर्षी, ॲन बर्जेस या परिचारिका आणि लिंडा होमस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लिहून ठेवलं होतं, की अत्याचारानंतर काही बायका रडतात, थरथरतात, तर काही वरून अगदी शांत दिसतात. शांत दिसली म्हणजे काही झालंच नाही, असं नसतं.

निकालानंतर वर्षभरानं, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. गप्प राहणं आणि होकार देणं यातला फरक न्यायालयानं ओळखायला हवा होता, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. १९८० साली मुंबई, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या. त्या मुलीचा खटला काही पुन्हा उभा राहिला नाही. कायदा मात्र बदलला.

१९८३ पासून पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या अत्याचारात, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाला आधी तिचंच खरं धरावं लागतं. खटला बंद दाराआड चालवायचं ठरलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली. म्हणूनच आम्हीही आज त्या मुलीचं नाव घेतलं नाही. २०१३ साली कायद्यात लिहिलं गेलं, की केवळ अंगानं प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे.

म्हणजे कायद्यानं तो प्रश्न मागे टाकला. आपण टाकलाय का? आपल्या ओसरीवर, पाणवठ्यावर, गटाच्या बैठकीत तो अजून विचारला जातो. तो ऐकून बाई आणखी मिटते, आणि गोष्ट पोलिसांपर्यंत पोहोचतच नाही.

तेव्हा कळंब असो, परंडा असो की उमरगा, एखादी बाई किंवा पोर आपल्याजवळ येऊन बोलली, तर आधी तिला जवळ बसवू, पाणी देऊ, तिच्या गतीनं बोलू देऊ. सांगताना मागचं पुढं झालं, मधलं आठवलं नाही, तरी तिला खोटी ठरवायचं नाही. घाबरलेल्या मनात आठवणी तुकड्यांनी राहतात. तिची तयारी असेल तर तिच्यासोबत जाऊ. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि जबाब महिला अधिकारीच लिहून घेते. महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि ‘ओरडली का नाहीस?’ हे ओठांवर आलंच, तर त्या जागी एवढंच म्हणू, “बाई, तू सांगितलंस ते बरं केलंस. आम्ही आहोत.”