मागील सभेचं इतिवृत्त

फोनवर देवबागचा नकाशा उघडा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे तारकर्लीकडून दक्षिणेला निघालेली वाळूची चिंचोळी पट्टी. या पट्टीवर, माडांच्या सावलीत अख्खं गाव बसलंय. टोकाला नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात लाटा किनारा खातात. अशा गावात काय कुठे बांधायचं, कचरा कुठे टाकायचा, नाव कुठे लावायची हे छोटे प्रश्न उरत नाहीत.

देवबागला ग्रामपंचायत आहे. नगरपालिका बघायची तर उत्तरेला मालवण, दक्षिणेला वेंगुर्ला. कामाची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच. विषय मांडला जातो, एक सूचक, एक अनुमोदक, आणि ठराव मंजूर. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोड लिहून झाला, तपासून झाला, म्हणजे काम झालं असं कुणी धरत नाही. तो लोकांच्या फोनवर चालला पाहिजे. ठरावांचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न पडतो: मंजूर तर झाला, पुढे काय?

आधी कागदाशिवायच्या नियमाकडे बघू. या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी म्हणजे रापण. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा. हे वाटे पाळले जातात, कारण नियम ठरवणारे आणि पाळणारे एकाच वाळूत उभे असतात. वाटा चुकला तर उद्या ओढायला माणूस येत नाही. पण रूढीची एक अडचण आहे. ती आतल्यांना न्याय देते. बाहेर ठेवलेल्यांना ती विचारतही नाही. म्हणून लिखित कायद्याची गरज पडते.

तो कायदा इथे इंग्रजांच्या काळात आला. १८५० च्या कायद्याने गावांना कर बसवून दिवाबत्ती, साफसफाई करायची मुभा दिली. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७० च्या दशकातली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने नगरपालिकेत किमान निम्मे सभासद निवडून आलेले असावेत असं ठरलं. मत मात्र कर भरणाऱ्या, मालमत्तावाल्या मोजक्यांनाच. म्हणजे शहराचे नियम शहरातच होऊ लागले, पण शहरातल्या बहुतेकांना त्या खोलीत खुर्ची नव्हती.

याचा अर्थ काय होतो, ते कोकणातल्याच एका नगरपालिकेने दाखवून दिलं. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून चालणारी तळी, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद चोख होता. पुढची तीन वर्षं मात्र तळ्यावर काहीच बदललं नाही. कारण पहिला माणूस पाणी प्यायला उतरला, तर तो धड घरी पोचेल याची हमी त्या कागदात कुठेच नव्हती.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव चक्क मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. तळ्यावर फक्त स्पृश्यांचा हक्क असल्याची पूर्वापार रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने दिला तो १९३७ मध्ये. एका ओळीच्या ठरावाला तेरा वर्षं लागली. त्याला जिवंत ठेवलं ते तळ्यात उतरलेल्या माणसांनी. सभागृहातल्या सहीने नव्हे.

आता परत सिंधुदुर्गात येऊ. २०१५ च्या सुमारास वेंगुर्ला नगरपालिकेने कचऱ्याचा विषय हाती घेतला. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचं नाव या कामाशी जोडलं जातं. नियम साधा: कचरा घरातच वेगळा करायचा. पण नियमाच्या मागे यंत्रणा होती. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा लोक बघायला येतील इतकी स्वच्छ. आपण वेगळा केलेला कचरा पुढे पुन्हा एकत्र होत नाही, हे घरातल्या माणसाला दिसत होतं. मोठ्या शहरांत नेमकं हेच दिसत नाही, म्हणून तिथे हाच नियम बोर्डावर राहतो. वेंगुर्ल्याची लोकसंख्या सुमारे बारा हजार. इतक्या लहान गावात कुणी काय केलं ते सगळ्यांना कळतं. रापणीचंही तेच होतं.

मग देवबागचं काय? घरपट्टी, पाणी, दिवाबत्ती, कचरा हे पंचायतीच्या हातात आहे. पण किनाऱ्यावर काय बांधायचं ते सीआरझेडच्या अधिसूचना ठरवतात. १९९१, २०११ आणि २०१९ च्या, तिन्ही दिल्लीतून आलेल्या. समुद्रात कोणतं जाळं चालेल ते राज्य सरकार ठरवतं. पर्ससीन जाळ्यांवरचे निर्बंध २०१६ चे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा पैसाही वरूनच यायचा. त्यामुळे गावाच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नावरचा ठराव हा बहुतेक वेळा वर पाठवलेली विनंती असते. त्याची अंमलबजावणी गावाच्या हातात नसते.

तरी ठराव निरुपयोगी नाही. चवदार तळ्याच्या लढ्यात १९२४ च्या त्या कागदाचा आधार होताच. मात्र त्याच्यामागे माणूस, पैसा आणि तारीख लागते. काम कोण करणार, खर्च कुठून येणार, कधीपर्यंत होणार? या तीन रकान्यांशिवाय मंजूर झालेला ठराव महाडच्या पहिल्या तीन वर्षांसारखा पडून राहतो.

आपल्या गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मतदाराला तिथे बसता येतं, बोलता येतं. १८८४ मध्ये हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सभेच्या अजेंड्यावर पहिला विषय जवळपास ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो दोन मिनिटांत उरकतात, कारण नवे विषय पुढे उभे असतात. त्या दोन मिनिटांत हात वर करून एवढंच विचारायचं, की मागच्या वेळी मंजूर केलं होतं, त्याचं काय झालं?