रेचेल जॅक्सन : मतपत्रिकेबाहेरची आरोपी

१/ उमेदवाराच्या घरात मतदाराने किती डोकवावे? हा वाद जुना आहे. १८२८ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक पाहू : अँड्र्यू जॅक्सन विरुद्ध विद्यमान अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स.

२/ जॅक्सन यांच्या पत्नी रेचेल यांचा आधी लुईस रोबार्ड्स यांच्याशी विवाह झाला होता. घटस्फोट झाला असे समजून आपण १७९१ मध्ये लग्न केले, असे जॅक्सन पक्षाचे म्हणणे. प्रत्यक्षात घटस्फोट १७९३ मध्ये झाला. १७९४ मध्ये दोघांनी पुन्हा विवाह केला.

३/ तीन दशकांनंतर सिनसिनाटीचे संपादक चार्ल्स हॅमंड यांनी हे प्रकरण उकरून काढले आणि रेचेल यांना व्यभिचारिणी ठरवले. जॅक्सनसमर्थक वृत्तपत्रानेही मग ॲडम्स यांच्या पत्नी लुईझा यांना सोडले नाही.

४/ जॅक्सन जिंकले. शपथविधीपूर्वीच, २२ डिसेंबर १८२८ रोजी रेचेल वारल्या. त्या आधीपासून आजारी होत्या. तरी जॅक्सन यांनी दोष निंदकांनाच दिला.

५/ मग कुटुंब सर्वस्वी झाकलेले असावे काय? तसेही नव्हे. भारतात २००२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उमेदवाराला जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ताही जाहीर करणे भाग पडले. २०१८च्या निकालाने त्यांच्या उत्पन्नाचे स्रोतही. कारण सत्तेतून आलेला पैसा घरच्यांच्या नावावर ठेवता येतो.

६/ हॅमंड यांनी दाखवलेला तारखांचा घोळ खराच होता. परंतु माहिती खरी असणे पुरेसे नाही. तिचा सत्तेच्या वापराशी संबंध हवा. रेचेल यांच्या विवाहाचा तो नव्हता.