अपराध्याचे वय

लहान वयातल्या अपराधाला किती शिक्षा, या प्रश्नावरून आपल्याकडे साक्षात यमधर्माला शाप खावा लागला आहे. महाभारताच्या आदिपर्वातली मांडव्य ऋषींची कथा आपण आठवू. मौनात बसलेल्या मांडव्यांच्या आश्रमात चोरांनी लुटीचा माल दडवला; शिपायांनी ऋषींनाच धरले आणि राजाने त्यांना सुळावर चढवले. हे कोणत्या पापाचे फळ, असे त्यांनी पुढे यमाला विचारले. लहानपणी तुम्ही किडेपतंगांना गवताच्या काड्या टोचल्या होत्या, असे उत्तर मिळाले. मांडव्य संतापले. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड देणारा तू मनुष्ययोनीत जन्म घेशील, असा शाप त्यांनी दिला. यमाचा तो जन्म म्हणजे विदुर. त्याच दमात त्यांनी मर्यादाही घातली, की चौदाव्या वर्षापर्यंतचे कृत्य पाप धरले जाणार नाही. स्मृतिकारांनी मात्र घासाघीस केली आणि सोळाच्या आतल्या मुलाला ऐंशीपुढच्या वृद्धांच्या पंक्तीला बसवून दोघांनाही निम्मे प्रायश्चित्त सांगितले.

तिथून आपण एकदम इंग्रजी अमलात येऊ. १८५० च्या ॲप्रेंटिस कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या किरकोळ गुन्हेगार मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. १८६० च्या दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही असे म्हटले, आणि सात ते बारा या वयात परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे पाहायला सांगितले. वऱ्हाड मात्र कागदोपत्री निजामाचेच. १८५३ च्या तहाने ते कंपनीच्या कारभाराखाली आले होते, म्हणून उमरखेडसारख्या गावी इंग्रजी कायदा लागू करायला वेगळा हुकूम काढावा लागे. पुढे १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे आले, आणि १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी न्यायालयेच वेगळी हवीत असे सांगितले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये आणि मध्य प्रांताने १९२८ मध्ये आपापले बालक कायदे केले. मुंबईत डोंगरीच्या ज्या तुरुंगात टिळक-आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस काढले, तिथेच पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले. लोक त्याला रिमांड होम म्हणत राहिले. भिंती तुरुंगाच्याच, त्यामुळे लोकांना तरी काय दोष द्यायचा?

प्रत्येक प्रांताचा कायदा निराळा, याची गंमत उमरखेडकरांना चांगली कळावी. १९५६ पर्यंत दक्षिणेची पैनगंगा ही हद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे हदगावच्या बाजूला हैदराबाद. एकाच वयाच्या दोन पोरांचा निवाडा दोन काठांवर दोन राज्यांच्या कायद्यांनी होई. हा घोळ देशभर पुढेही तीस वर्षे चालला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा १९८६ मध्ये न्यायालयाने सगळ्या देशाला एकच कायदा हवा असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. मुलग्यांना सोळा आणि मुलींना अठरा ही मर्यादा ठरली. २००० मध्ये ती दोघांनाही अठरा झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर लोकांचा संताप उसळला आणि २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. सोळाखाली मात्र हात लावला नाही, हे संसदेचे शहाणपणच म्हणायचे.

आता पुण्याकडे वळू. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुले अशा सात जणांचे खून झाले. एका आरोपीला प्रौढ समजून १९९८ साली फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. त्याचे नाव इथे देत नाही, कारण बालकाची ओळख कायद्यानेच झाकली आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. पुरावा होता राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद. त्याला सोडण्याचा हुकूम झाला, पण तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. ज्या घरातले सात जीव गेले, त्या घराला ही सुटका पटावी अशी अपेक्षा कोणी करू नये. पण १९८६ चा कायदा तेव्हा लागू होता आणि इतक्या लहान मुलाला फाशीच काय, साधा कारावासही त्यात बसत नव्हता. कायदा कमी पडला नाही. वय वेळेवर सिद्ध झाले नाही.

दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. सात आणि बारा हे आकडे तिने जसेच्या तसे ठेवले. आज उमरखेडच्या ठाण्यात एखादे पोर आणले, तर त्याला कोठडीत न टाकता प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक स्त्री. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. तेव्हा तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की शाळेतले जुने दाखल-खारीज रजिस्टर वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका आणि प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख अंदाजाने लिहू नका.